तुझ्या अंगात कोणी नव्हतं

माय,

तुला वाचता येत नव्हतं. मामाचं पत्र आलं की ते मीच वाचून दाखवायची, आणि त्यात बाबांबद्दल काही वाकडं असेल तर तेवढी ओळ गाळून पुढे जायची. तुला ते बरोबर कळायचं. "एवढ्या मोठ्या कागदात एवढंच लिवलं का त्यानं?" असं म्हणायचीस आणि पुन्हा पिठाच्या परातीकडे वळायचीस. आज तुलाच लिहायला बसले आहे. वाचून दाखवायला मी तिथे असणार नाही, तेव्हा आज काही गाळत नाही.

तुझी नात गेले अकरा दिवस माझ्याशी नीट बोलत नाही. तू गेलीस तेव्हा ती जेमतेम पाच वर्षांची होती, तुझ्या मांडीवर बसून गुळाचा खडा चोखायची. आता कॉलेजात आहे, होस्टेलवर राहते, माझ्यापेक्षा वीतभर उंच झाली आहे. ती रागावली आहे आणि चूक माझी आहे. ही चूक मी दुसऱ्यांदा केली आहे, पहिल्यांदा तुझ्याबाबतीत केली होती. म्हणून नातीचं सांगण्याआधी मला त्या ग्रामसभेचं सांगावं लागेल. त्या सभेवर आपण दोघी तुझ्या शेवटच्या दिवसापर्यंत कधी सरळ बोललो नाही.

तुझा राग आपल्या घरात भाकरीवरून कळायचा. थाप भरभर पडत असेल तर बाबा बिनधास्त आत यायचे. सावकाश आणि जड पडायला लागली की चप्पल न काढताच पलीकडे मोठेबाबांच्या ओसरीवर जाऊन बसायचे. घर एक, अंगण एक, चुली दोन. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, तुझे जेठ, त्यामुळे त्यांच्यासमोर तुझा आवाज निघायचा नाही. त्यांना चहा झाल्याचं सांगायचं तर तू भिंतीकडे तोंड करून मला सांगायचीस आणि मी चार पावलं चालून तेच त्यांना सांगायची, जणू त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. त्यांच्या रागाला मात्र गावभर रान मोकळं होतं. साखरखेर्ड्याच्या बाजारात व्यापाऱ्याचा तराजू त्यांनी कसा भिरकावला, ही गोष्ट आम्हा पोरांना तोंडपाठ होती, आणि ती सांगताना तूसुद्धा हसायचीस.

मी दहावीत होते त्या वर्षी गाव स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरलं. शाळेच्या मागे बायांसाठी बारा संडास बांधले. बांधले म्हणजे भिंती उभ्या केल्या. दारं दोनांनाच बसवली आणि त्या दोनांना कुलूप ठोकून किल्ल्या सरपंचांनी घरी नेल्या. बाकीच्या दहांपुढे बोराटीच्या फांद्या टाकल्या. तपासणीला साहेब येतील तोवर घाण व्हायला नको, असं कारण सांगितलं. पाणी तर एकालाही नव्हतं. आणि पहाटे पंचायतीची चार माणसं शिट्ट्या घेऊन फिरायला लागली. उघड्यावर कोणी बसलेलं दिसलं की शिट्टी. गडी माणसं नदीकडे जायची, पण तिकडे हे पथक फिरकत नसे, कारण तिकडे पथकवाल्यांचेच बाप आणि भाऊ बसलेले असत. शिट्टी वाजायची ती नाल्यापलीकडच्या बाभळीत, बायांच्या गोदरीवर, म्हणजे बसायच्या जागी. शिट्टी ऐकली की आपण दोघी ताडकन उभ्या राहायचो, आणि तू तुझा पदर ओढून माझं तोंड झाकायचीस. तुझं उघडं राहायचं. मी तेव्हा संध्याकाळचं जेवण सोडलं, दुपारनंतर पाणी प्यायचं बंद केलं. आता सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून रोज पोरींना सांगते, भरपूर पाणी प्या गं, लघवी अडवून धरू नका. त्या माना हलवतात. मला ठाऊक असतं की त्या पिणार नाहीत.

मग ती ग्रामसभा. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकलेल्या, गडी पुढे, बाया मागे भिंतीला टेकून. गाव स्वच्छ झालं असा ठराव करून त्यावर सह्या-अंगठे घ्यायचे होते, एवढंच काम. पण त्याआधी मोठेबाबा उठले. आपल्या शेताकडची विजेची डीपी जळून महिना झाला होता, मोटार बंद, हरभरा वाळत होता. ते चालत पुढे गेले आणि ग्रामसेवकाच्या टेबलाला अशी लाथ घातली की पेले, रजिस्टर, शाईचा डबा सगळं खाली. मग ग्रामसेवकाची आई काढली, बहीण काढली, आजीही सोडली नाही. कोणी उठून त्यांना आवरलं नाही. सरपंच स्वतः खुर्ची घेऊन आले. "बसा दादा, बसा. राग खरा हाय तुमचा. मानसानं असंच बोलाव." चहा आला. बाबा मागे वळून आपल्याकडे बघत होते, डोळ्यांत पाणी येईल इतके खूश. "वाघ हाय माहा भाऊ," असं त्यांनी शेजारच्याला सांगितलेलं मी ऐकलं. मलाही अभिमान वाटला होता. हरभरा आपलाही वाळतच होता की.

चहाचे कप गोळा झाले आणि सरपंचांनी माईकसमोर एक कागद उघडला. उघड्यावर बसताना सापडलेल्यांची नावं. एकोणीस नावं होती आणि एकोणीसही बायांची. भोंगा मारुतीच्या देवळावर होता, त्यामुळे जे सभेला आले नव्हते त्यांनाही ऐकू गेलं. सातवं नाव तुझं होतं, आठवं माझं. पुढच्या सतरंज्यांवर खसखस पिकली. मी गुडघ्यात डोकं घातलं.

तू उठलीस. दातात धरलेला पदर सोडलास. तुझा आवाज मी घरात ऐकला होता, शेतात ऐकला होता, पण इतका मोठा कधी ऐकला नव्हता. त्याला माईकची गरज पडली नाही.

"सरपंच, माह्या पोट्टीचं नाव घेतलं तुमी. आता किल्ल्या काढा. बारा संडास बांदले म्हनता, दारं दोनाले, पानी एकाले नाही. हागायले जाव कुठं आमी? तुमच्या माडीवर येऊ का? शिट्ट्या फुकाले मानसं भेटतात तुमाले, दारं बसवाले भेटत नाहीत? नदीवर काऊन नाही वाजत तुमची शिट्टी? त्या कागदात एका तरी गड्याचं नाव हाय का? हाय तर वाचा. वाच ना बे!"

सरपंचांना 'बे'. जेठासमोर, उघड्या डोक्याने, 'हागायले' हा शब्द उच्चारून. तू टेबलाला हात लावला नाहीस, कोणाच्या आईबहिणीवर गेली नाहीस, जे बोललीस त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं आणि पन्नास पावलांवर जाऊन कोणालाही तपासता आलं असतं. पण सभा त्या बारा भिंतींकडे बघत नव्हती, तुझ्या डोक्यावरून घसरलेल्या पदराकडे बघत होती. कोणीतरी म्हणालं, "बाई हाय का कोन हाय ही?" दुसरा म्हणाला, "घरचे कुठं हायत हिच्या? आवरा हिले." सगळ्या माना बाबांकडे वळल्या. बाबांचं तोंड राखेसारखं झालं होतं. ते उठायला लागले, आणि उठले असते तर तुला हाताला धरून फरफटत नेलं असतं. निदान तेवढं तरी केलंच असतं.

त्याआधी मोठेबाबा बोलले. त्यांनी दोन्ही हात जोडून डोक्यावर नेले आणि ओरडले, "आंगात आलं! देवी आली! कुकू आना कोनी, कुकू!"

मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. ते खोटं बोलत होते असं मला आता वाटत नाही, आणि त्यांना खरं वाटत होतं असंही नाही. घरची बाई असं बोलली तर घराचं नाक कापलं जातं, देवी बोलली तर घराचा मान वाढतो, एवढं त्यांना डोळ्याचं पातं लवायच्या आत समजलं. सरपंच तर त्यांच्याही पुढे. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली, चपला काढल्या आणि तुझ्यासमोर येऊन वाकले. "माय, काय चुकलं आमचं? लेकरावर कोप नको करू." एक म्हातारा विचारायला लागला की यंदा कापसाला भाव येईल का. तू त्यांच्या डोक्यांवरून बोलत राहिलीस, "माह्या आंगात कोनी नाही आलं. मी शुद्धीवर हाव. मीच बोलून राह्यली, मीच!" त्यावर मागची एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "खरी देवी कधी कबूल होत नाही." मग तुला सुटायला जागाच उरली नाही.

देवी आलेल्या बाईचे केस मोकळे असतात. तुझा अंबाडा घट्ट बांधलेला होता, तेलाने चोपडलेला, आणि त्यामुळे तू अजूनही तूच दिसत होतीस. मागून दोन हात आले आणि त्यांनी तो अंबाडा सोडला. केस तोंडावर आले, कोणीतरी कपाळभर कुंकू फासलं, हलगीवाल्याने हलगी घेतली. मग तुझं काही ऐकूच येईना.

ते हात माझे होते.

तुला वाचवायला मी ते केलं, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगितलं, आणि बाबांचा चेहरा मी पाहिला होता म्हणून अर्धं ते खरं आहे. उरलेलं अर्धं आज सांगते. मला तुझी लाज वाटत होती. तू माझ्यासाठी उठली होतीस, माझं नाव घेतलं म्हणून, आणि मला एवढंच कळत होतं की उद्या शाळेत माझ्या नावाला तू उच्चारलेला तो शब्द चिकटणार. निर्लज्ज बाईची पोरगी होण्यापेक्षा देवीची पोरगी झालेलं बरं, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत कोणी चिडवलं नाही. गणिताच्या सरांनी विचारलं, आई बरी आहे ना, आणि मी मान हलवली.

घरी आल्यावर तू न्हाणीत बसून कुंकू धुतलंस. लाल पाणी अंगणभर वाहत गेलं. मग बाबांसमोर येऊन उभी राहिलीस. "तुमाले बी वाटते का देवी आलती म्हनून?" बाबा म्हणाले, "मले काय वाटते ते राहू दे. देवी आलती म्हनून तू आज या घरात हाईस. नाही तर दादानं तुले माहेरी धाडली असती, अन् मले थांबवता आलं नसतं." त्या दिवशी भाकरीचा आवाज आला नाही. आम्ही चिवडा खाऊन झोपलो.

महिन्याभरात शाळेमागे ओटा बांधला गेला. पांढऱ्या फरशा, वर शेंदूर लावलेला दगड, लाल झेंडा. संडासांना बसवायला दारं मिळत नव्हती, ओट्याला फरशा आठ दिवसांत आल्या. आणि देवीच्या नजरेसमोर संडास कसे ठेवायचे, म्हणून बाराच्या बारा पत्रे ठोकून बंद केले. तपासणीचे साहेब आले, ओट्यापुढे हात जोडले, बंद पत्र्यांकडे बघून छान म्हणाले आणि गावाच्या वेशीवर 'स्वच्छ गाव' अशी पाटी लागली. बाया पहाटे त्याच बाभळीत जात राहिल्या. शिट्ट्या तेवढ्या थांबल्या. तुझ्या बोलण्याने एवढंच झालं, आणि त्याचंही पुण्य त्या दगडाला मिळालं.

दर मंगळवारी आपल्या दारात बाया यायला लागल्या. कोणाला मूल हवं, कोणाचा नवरा पितो, कोणाची म्हैस आटली. तू त्यांना चहा करायचीस आणि नारळ परत हातात द्यायचीस. "घरी ने अन् चटनी कर. इथं देवी-बिवी काही नाही, मी हाव." एक दिवस मीच तुला म्हटलं, तुला आठवत असेल, तू गव्हातले खडे निवडत होतीस. मी म्हटलं, "माय, एकदा घूम ना. एका मंगळवारी केस सोड अन् सांग, मले संडास पाहिजेत, ओटा नको. आठ दिवसांत बांधतील." मला ती फार हुशारीची गोष्ट वाटली होती. तू सूप खाली ठेवलंस. "बांधतीन," म्हणालीस, "पन मंग ते तिचं होईन. माह्यं काय राह्यलं?" एवढं बोलून मला म्हशीचं शेण भरायला पाठवलंस. मी तेव्हा तुला हट्टी म्हणाले. मनातल्या मनात नव्हे, तोंडावर.

वर्षभराने तू पुन्हा ग्रामसभेला गेलीस. मुद्दाम नीट विंचरून, पदर घेऊन, हातात बायांचे अंगठे घेतलेला अर्ज. तो अर्ज मीच लिहून दिला होता. तू भिंतीजवळून उठलीस आणि 'सरपंच' एवढा एकच शब्द बोललीस. तोवर अर्धी सभा हात जोडून उभी राहिली होती. एक जण कुंकवाला पळाला. सरपंचांनी चपला काढल्या. तू त्या जोडलेल्या हातांकडे बघितलंस, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, आणि खाली बसलीस. अर्जाची घडी चोळीत ठेवलीस. त्यानंतर तू सभेला गेली नाहीस. त्या उन्हाळ्यात बाबांनी कोणाला न सांगता परसात खड्डा खणला, एक संडास बांधला, दाराला आतून कडी लावली आणि तुला बोलावून कडी लावून उघडून दाखवली. बाबांना तेवढंच माफी मागता येत होतं. तू कडी लावून बघितलीस आणि म्हणालीस, "एका घरचं झालं."

आता मोठ्या मायचं. त्या दिवशी केस सुटले तेव्हा तू गर्रकन मागे वळली होतीस, आणि समोर तुला मोठी माय दिसली, कुंकवाचा करंडा घेतलेली. मी तोवर तिच्या मागे सरकले होते. मोठेबाबांची बायको, त्यांच्या सांगण्यावरून तिनेच केलं असणार, असं तू धरून चाललीस. तेव्हापासून तिच्या चुलीवरची कढी तू कधी घेतली नाहीस. सणाला एकमेकींच्या ताटातलं खाणाऱ्या तुम्ही दोघी जावा, एका अंगणात राहून शेवटपर्यंत परक्यासारख्या वागलात. मी बघत होते. दरवर्षी ठरवायची की यंदा सांगू. तू आजारी पडलीस, दवाखान्यात तुझ्या हाताला सलाईन मीच लावली होती, तेव्हा मोठी माय भेटायला आली आणि तू तोंड भिंतीकडे फिरवलंस. मी सलाईनचे थेंब मोजत राहिले. बाहेर व्हरांड्यात ती मला म्हणाली, "मले दिसलं होतं पोरी, कोन केस सोडले ते. पन म्या म्हनलं, जावेजावेचं वैर निभते. माय-लेकीचं नाही निभत." मी तिच्या पाया पडले. तरी परत आत येऊन तुला काही सांगितलं नाही. त्यानंतर तू चारच दिवस होतीस.

तू गेलीस तेव्हा अख्खा गाव आला. हिरवं लुगडं, मळवट, देवीसारखी ओटी भरली. ओट्यापाशी तिरडी टेकवली. बाया पुढच्या कितीतरी मंगळवारी त्या ग्रामसभेची गोष्ट सांगत राहिल्या, आणि मीही सांगत राहिले. सासरी सांगितली, दवाखान्यातल्या मैत्रिणींना सांगितली. तुझी नात लहान असताना तिला झोपवताना सांगितली: तुझ्या आजीच्या अंगात देवी यायची आणि सगळा गाव थरथर कापायचा. त्या गोष्टीत मी संडासांचं काही सांगत नव्हते.

आता नातीचं ऐक. तिच्या होस्टेलात तीन महिने पाणी नाही. चाळीस पोरी, दोन टँकर, तेही आले तर. त्याच होस्टेलच्या नव्या कमानीचं उद्घाटन होतं. एक मोठे पुढारी आले होते. भाषण सुरू असताना ही मधेच उभी राहिली. पहिल्या मिनिटाला शांत बोलली, मग आवाज चढला. कमान कोणी मागितली होती, असं विचारलं. ते स्टेजवरून हसून म्हणाले, "बेटा, शांत हो. कोणीतरी तिला पाणी द्या." ती म्हणाली, "तेच तर म्हणतेय, द्या!" ते कोणाच्या तरी फोनमध्ये आलं आणि दोन दिवसांत जिल्हाभर फिरलं. त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते मी तुला सांगणार नाही. नाही, गाळायचं नाही म्हटलं आहे. लिहिलं होतं की हिला घरी कोणी वळण लावलं नाही, हिच्याशी लग्न कोण करेल, हिला नवरा नाही म्हणून ही अशी पेटली आहे. मोठेबाबांच्या मुलाने आपल्या घराण्याच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, आपलीच पोरगी आहे का ही? त्याच माणसाने आठवडाभरापूर्वी दुसरा एक व्हिडिओ टाकला होता. त्यात एक तरुण पीक विम्यासाठी साहेबाच्या टेबलावर चढून कागद फाडत होता. त्याखाली त्याने लिहिलं होतं, वाघ आहे.

मी ड्युटीवर होते. मला कोणी काही विचारलं नव्हतं, कोणी फोन केला नव्हता. मी औषधांच्या खोलीत जाऊन ग्रुपवर लिहिलं: तिला दोन दिवस ताप होता, गोळ्या चालू आहेत, तापाच्या भरात बोलली, सांभाळून घ्या. पाच मिनिटांत उत्तरं आली. काळजी घ्या. लवकर बरी होवो. बावीस जणांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. खरं सांगू का माय, ते बघून माझ्या जिवात जीव आला.

तिने ते वाचलं आणि फोन केला. "आई, मला ताप कधी होता?" मी म्हटलं, "अगं, लोकांची तोंडं बंद झाली ना?" ती म्हणाली, "लोकांची कुठे? माझं केलंस तू बंद. आज वॉर्डन मॅडम मला सगळ्यांसमोर म्हणाल्या, तब्येत सांभाळ, एवढं डोक्यात नको घेऊस. पाण्याचं कोणी बोलायलाच तयार नाही." आणि फोन ठेवला.

काल ती कपडे न्यायला घरी आली. न बोलता बॅग भरत होती. मी तिच्या पलंगावर बसले आणि तिला सगळं सांगितलं, शिट्ट्या, एकोणीस नावं, अंबाडा, मोठी माय. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. तिने बॅगेची चेन अर्धी लावून तशीच सोडली. "म्हणजे देवी नव्हतीच?" नव्हती, म्हटलं. मग ती जे बोलली ते मला माहीत नव्हतं. "लहानपणी मला राग आला की मी गच्च डोळे मिटून बसायचे, आई. मला वाटायचं, आजीची देवी आता माझ्या अंगात शिरतेय. मी जाम घाबरायचे." मी तिला जवळ घ्यायला गेले. ती थोडी बाजूला झाली. जाताना दारातून म्हणाली, "मला सांगितलंस ते बरं केलंस. पण खोटं तू त्यांना सांगितलं होतंस."

म्हणून आज सकाळी मी ग्रुपवर लिहिलं. चार वेळा खोडून लिहिलं. तिला ताप नव्हता. ती शुद्धीवर होती. तिला राग आला होता आणि ती खरं बोलली. तिच्या आजीच्याही अंगात देवी आली नव्हती, ती स्वतःच बोलली होती. पाठवलं. एकेकाने वाचल्याच्या खुणा निळ्या होत गेल्या. कोणी काही लिहिलं नाही, हातही कोणी जोडले नाहीत. दवाखान्यात माझं इंजेक्शन देण्यात लक्ष लागेना.

अर्ध्या तासाने मोठेबाबांच्या मुलाचा फोन आला. मी तयारीत होते. काय काय बोलायचं ते सगळं मनात मांडून ठेवलं होतं, तुझं 'मी शुद्धीवर हाव' हे वाक्यसुद्धा. तो भांडला असता तर मी भांडले असते. पण त्याचा आवाज अगदी हळू होता, मनापासून काळजीचा. "ताई, मेसेज वाचला तुहा. काऊन असं लिवलं तू? तब्येत बरी हाय ना तुही?"

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. मी म्हटलं, "हाव रे भाऊ, जरा बीपी वाढला होता."

मेसेज मी काढलेला नाही. पण बीपी मी सकाळी घरून निघताना स्वतःच्या हाताने मोजला होता, माय. अगदी बरोबर होता.